अकरा नावं कुणाची

परसू बेळगावचा. बंगळुरात येऊन त्याला सत्तावीस वर्षं झाली, तरी कुठलीही गोष्ट तो "आमच्या बेळगावात" अशीच सुरू करतो. विसाव्या वर्षी तो एका कारखान्याच्या फुटबॉल संघात खेळायला इथं आला. चौथ्या वर्षी गुडघा गेला, आणि त्यापाठोपाठ कारखान्यातली जागाही. मग होसकोट्याला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सुपरवायझरची नोकरी, यल्लव्वाशी लग्न, आणि पहाटेची शिफ्ट सुटली की दोन बसा बदलून इंदिरानगरच्या मैदानावर कोचगिरी. कोचिंगचं लायसन्सही त्यानं हक्काची रजा टाकून, इंग्रजी पेपरासमोर घाम गाळून मिळवलं. क्लब लहान, दुसऱ्या डिव्हिजनमधला. पण मैदानावर कोण अकरा उतरणार हे परसूअण्णा ठरवायचा, आणि अकरा वर्षांत त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गेल्या वर्षी जितेंद्रनं क्लब विकत घेतला. माणूस वाईट नव्हे. कोरमंगलात त्याची कुठल्याशा ॲपची कंपनी आहे, आणि काही लोक परदेशी कुत्रं पाळतात तसा त्यानं क्लब पाळला. मोसमात दोनदा सामना बघायला आला, आणि दोन्ही वेळा आपला संघ कुठल्या रंगात आहे हे शेजारच्याला हळूच विचारून घेतलं. त्यानंच शंतनुला आणलं.

शंतनु पुण्याचा, बत्तीस वर्षांचा. हुद्दा, डायरेक्टर ऑफ फुटबॉल. फुटबॉल त्यानं भरपूर पाहिला होता, सोफ्यावरून. शाळेत असताना त्याचा चेंडूशी एकदाच थेट संबंध आला होता, तोही चष्म्यामार्फत. पहिल्याच बैठकीत तो परसूला म्हणाला, "युरोपात असंच चालतं, अण्णा. कोच ट्रेनिंग घेतो, डायरेक्टर टीम ठरवतो. तुमच्यावरचा लोड कमी होतो."

"कसला लोड?"

"डिसिजन्सचा."

घरी येऊन परसूनं बूट काढले आणि यल्लव्वाला सांगितलं, "माझा लोड कमी केला म्हणे."

"बरं झालं की. मग तुम्ही काय करायचं?"

"सरावाचे शंकू मांडायचे. शंकू उचलायचे."

शंतनुनं सगळ्या खेळाडूंना छातीवर बांधायचे पट्टे आणले. कोण किती पळालं ते त्यात मोजलं जाई, आणि शंतनु ते आकडे रंगीत रकान्यांत मांडून ग्रुपवर टाकी. त्या रकान्यांत दत्ता कायम लाल. दत्ता म्हणजे संघाचा मधला बचावपटू, वय चौतीस, दिवसा कुरियरच्या गोदामात कामाला. तो फारसा पळतच नसे. चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभा राही, पाहुणा यायच्या आधी दार उघडून उभा असल्यासारखा. त्याच जागेचा राखीव खेळाडू अभिजीत मात्र हिरवागार. तो प्रत्येक सराव सामन्यात अकरा किलोमीटर पळायचा.

"पळणारच की," परसू म्हणाला. "चेंडू त्याला चकवून पुढं गेलेला असतोय. पकडायला पळायला नको?"

"अण्णा, हे तुमचं गट फीलिंग झालं," शंतनु समजुतीच्या सुरात म्हणाला. "डेटाला इगो नसतो."

डेटाला नव्हता हे खरं. तो सगळा शंतनुकडे होता. दत्ता बाकावर बसला, अभिजीत आत आला, आणि संघ ओळीनं पाच सामने हरला. प्रत्येक पराभवानंतर शंतनु ग्रुपवर लिही की प्रोसेस बरोबर आहे, फक्त रिझल्ट चुकला. परसू ते वाचून फोन पालथा ठेवायचा आणि शंकू मोजायला लागायचा. सोडून का देत नाही, असं यल्लव्वानं एकदा विचारलं. तो म्हणाला, "मी गेलो तर पोरांना बाकावर का बसवलं ते सांगणार कोण? तो तर रकाने दाखवतोय."

शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये राहणार होता. हरला तर खाली. संघाचा कागद सामन्याच्या तासभर आधी पंचांकडे द्यावा लागतो, आणि त्यावर लायसन्स असलेल्या कोचचीच सही चालते. शंतनुनं छापून आणलेला कागद पुढं केला. "इथं फक्त साइन करा, अण्णा."

परसूनं चष्मा लावला आणि यादी वाचली. चौथं नाव अभिजीत.

"अभिजीतला चार पिवळी कार्डं झाली. आज तो खेळू शकत नाही."

"ॲपमध्ये तर तसं काही दिसत नाहीये."

"ॲपला कुठं कार्ड दाखवलंय? अभिजीतला दाखवलंय."

शंतनुनं फोनवर अंगठा वरखाली केला. अभिजीतकडे पाहिलं. अभिजीत जमिनीकडे पाहत होता. बंदी असलेला खेळाडू उतरवला तर सामना आपोआप दुसऱ्यांच्या पदरात. परसू गप्प राहिला असता तर क्लब खाली गेला असता आणि शंतनु त्याच्याबरोबर. यादीत अभिजीत असणार हे त्याला ठाऊकच होतं, आणि रात्रभर त्याच्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. पण खाली जाणारा क्लब त्याचा होता. शंतनुला पुण्याचं तिकीट काढता आलं असतं.

"मग त्याच्या जागी कोण?" शंतनुचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला.

"ते मी लिहितो. पण एक नाव नाही. अकराच्या अकरा."

"अण्णा, तसं... मला जितेंद्रशी अलाइन व्हावं लागेल."

"व्हा की. स्वल्प लवकर व्हा. सात मिनिटं राहिलीत."

जितेंद्रचा फोन लागला नाही. शंतनुनं कोरा कागद दिला. परसूनं सावकाश, शाळेत फळ्यावर लिहावं तशा अक्षरात अकरा नावं लिहिली. दत्ताचं चौथं. सामना शून्य-शून्य सुटला. दत्ता चार किलोमीटर चालला, आणि चेंडू दर वेळी त्याच्याच पायाशी आला.

सोमवारी इंदिरानगरच्या ऑफिसात जितेंद्रनं दोघांना बोलावलं. तोवर शंतनुनं नेटवर लिहून टाकलं होतं की अखेरच्या क्षणी घेतलेल्या धाडसी निर्णयानं क्लब वाचला. निर्णय कुणाचा, हे विनयानं गाळलं होतं.

"ग्रेट टीमवर्क," जितेंद्र म्हणाला. "पुढच्या सीझनलाही हीच जोडी."

"टीम कोण निवडणार?" परसूनं विचारलं.

जितेंद्रनं शंतनुकडे पाहिलं. शंतनु म्हणाला, "इनपुट तुमचं असेलच, अण्णा. फायनल कॉल माझा."

"सरी, ठीक आहे," म्हणत परसू उठला. "मग मी येतो."

त्यानं दाराला हात घातला तेव्हा शंतनु मागून म्हणाला, "अण्णा, एक मिनिट. तुमचं लायसन्स तेवढं राहू दे ना आमच्याकडे. फॉर्मपुरतं. तुम्हाला यायचीही गरज नाही."

परसूनं वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. दुकानदार खोटी नोट उजेडाला धरून बघतो, तसं.

"लायसन्स माझ्याबरोबर होसकोट्याला जातंय," तो म्हणाला, आणि बस पकडायला गेला.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. लायसन्सवाला कोच मिळाल्याशिवाय क्लबची नोंदणी होत नाही, म्हणून शंतनु रोज मुलाखती घेतोय. अर्ज पुष्कळ आलेत, असं तो जितेंद्रला सांगतो. अडचण एवढीच, की येणाऱ्या प्रत्येकाला टीम स्वतःच निवडायचीय.