जाऊबाईंच्या पोटाची तपासणी

माझ्या थोरल्या जाऊबाई लॉन्ड्रीत इस्त्री करतात. वाफेच्या मशीनसमोर दिवसभर उभं राहायचं आणि हॉटेलांच्या चादरी दाबायच्या. पूर्वी त्या इतक्या जाड होत्या की तिथल्या बायका त्यांना 'डबल बेड' म्हणायच्या. त्याही हसायच्या. मग गुडघे गेले, साखर वाढली, आणि बाई हट्टाला पेटल्या. दोन वर्षं जिभेला कुलूप घातलं. देव साक्षी आहे, लपवून खाल्लेला एक घास मी पाहिला नाही. निम्म्या झाल्या.

कातडी मात्र होती तेवढीच राहिली. पोटाची रिकामी घडी मांड्यांपर्यंत लोंबायची. वाफेत तिच्याखाली घाम साचायचा, चामडी सोलवटायची, वास यायचा. जाऊबाई जुन्या सुती चादरीच्या पट्ट्या फाडायच्या, उकळायच्या, कडक इस्त्री करून घडीखाली घालायच्या. त्यासाठी डॉक्टरकडे कधी गेल्या नाहीत. "घरचं दुखणं घरात," म्हणायच्या.

शेवटी चालणं अवघड झालं तेव्हा सर्जनला दाखवलं. ते म्हणाले, ही कातडी कापलीच पाहिजे. लॉन्ड्रीने विमा काढलेला होता. विमा कंपनीने कळवलं, दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत.

"दिसण्यासाठी!" जाऊबाई म्हणाल्या. "पन्नाशीला आले. आता पोट कुणाला दाखवायचंय मला?"

"मला तर अंधारातही दाखवत नाही," भावजी म्हणाले, आणि माझ्याकडे लक्ष जाताच खोकायला लागले.

आम्ही हरकत घेतली, तेव्हा कंपनीने आपल्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं. इथेच जाऊबाईंचं चुकलं. आयुष्य लॉन्ड्रीत गेलेलं; डाग असलेला कपडा गिऱ्हाइकापुढे ठेवायचा नाही, हे हाडात मुरलेलं. त्यांनी आधी रजा काढली. पंख्याखाली पडून राहिल्या, मलम लावलं, पावडर लावली, जाताना दोनदा आंघोळ केली. डॉक्टरने घडी उचलून पाहिली. "छान स्वच्छ ठेवलंय हो!"

जाऊबाई खुशीत घरी आल्या. पाठोपाठ नकार आला. जखम नाही, संसर्ग नाही, म्हणून गरज नाही.

सर्जनकडे विम्याचं काम बघणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पाहुण्यांकडे चालल्यासारख्या नटून कशाला गेलात? कामावरून तशाच जायचं! आता इथे दाखवत राहा, फोटो काढू, पुन्हा मागू. आणि निगा जरा कमी राखा."

"म्हणजे सडू द्यायचं?" मी विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरकडे वळल्या.

जाऊबाईंनी पट्ट्या बंद केल्या. मी रोज देवापुढे बसते, पण त्या दिवसांत मागायचं काय तेच कळेना. बरं कर म्हणावं तर ऑपरेशन जातं. जखम होऊ दे, असं कुणी देवाकडे मागतं का?

देवाला न मागताही ती झाली. लॉन्ड्रीत शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दुसऱ्या मशीनवर गेली. 'डबल बेड'ला हसणाऱ्या जाऊबाई त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. फोटो निघत राहिले. आधी लाल, मग पिवळे. एका फोटोच्या वेळी तर ताप इतका होता की त्यांना दोघांनी धरून उभं केलं.

तो फोटो बघून कंपनीने मंजुरी दिली. भावजींनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

सर्जनने पट्टी सोडली आणि मान हलवली. "एवढा पू असताना सुरी लावता येणार नाही. आधी हे पूर्ण भरू दे. साखर आहे, दोन-तीन महिने जातील."

"चालेल की," भावजी म्हणाले. "एवढं थांबलो, आणखी थांबू."

विम्याच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मंजुरी महिनाभरच चालते. नंतर त्यांचा डॉक्टर पुन्हा तपासतो."

म्हणजे परत तेच. जाऊबाई टेबलावरून सावकाश उतरल्या, कपडे सारखे केले.

"मग डॉक्टर," त्या म्हणाल्या, "अर्धंच बरं करणारं एखादं औषध असलं तर द्या."

सर्जन मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत.