निरोपाचं कडवं

आम्ही कोकणातले ज्यू, आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे देवदूत येतात. जेवत काही नाहीत. प्रार्थना करून घरी निघालेल्या माणसाच्या सोबतीने दोघे येतात, दिवा लागलाय का, ताटं मांडलीत का ते पाहतात, आशीर्वाद देतात आणि जातात. त्यांच्यासाठी चार कडव्यांचं एक गीत आहे. पहिल्या तिनांत स्वागत आणि आशीर्वादाची मागणी, चौथ्यात निरोप. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत पप्पा ते इतक्या मोठ्याने म्हणायचे की वरच्या मजल्यावरच्या काकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

पप्पा आजारी पडले तेव्हा आईने चौथं कडवं बंद केलं. “राहू देत दोघांना इथंच. घाई कसली आहे त्यांना?” पप्पा हसले आणि तिसऱ्यावर थांबले. पाच महिने असंच चाललं. मग पप्पा गेले.

वर्ष उलटलं तरी आई शुक्रवारचा दिवा लावेना. मी आधी समजावलं, मग चिडले. माझा स्वभावच तसा, दोन वाक्यांनंतर आवाज चढतो. शेवटी एका शुक्रवारी दुपारी मी एकटीच संध्याकाळच्या प्रार्थनेला लागणारं मनुकांचं सरबत गाळत होते, तेव्हा आई बोलली.

“निरोप न देता अडकवून ठेवलं मी त्यांना. पाहुण्यांना असं कोंडून ठेवतात का? त्याचंच भोगलं आपण. आता कुठल्या तोंडाने बोलावू?”

इतके दिवस ती हे एकटी मनात घेऊन बसली होती आणि मी तिला हट्टी म्हणत होते. माझीच मला लाज वाटली.

मी न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करते. म्हटलं, “आई, आमचे ट्रेलरवाले माल पोचवला की निघाले, कुणी थांबवून थांबत नाहीत. देवदूतांचंही तसंच सांगतात ना आपल्यात? एका दूताला एकच काम. आपल्या मूळपुरुषाच्या तंबूत तिघे आले, कारण कामं तीन होती. त्यांना पाठवतो देव. तुझ्या एका कडव्याने ते अडकतील होय?”

आई माझ्याकडून शास्त्र ऐकून घेणारी नाही, ते तिलाच जास्त येतं. तिने माझ्या हातातली गाळणी घेतली आणि मनुका पिळायला लागली.

“आणि त्या मूळपुरुषाचा नातू, जो दूताशी रात्रभर झुंजला, तो?” ती म्हणाली. “दूत म्हणाला, उजाडतंय, सोड मला. ह्याने आशीर्वाद मिळेपर्यंत सोडलं नाही.”

“नाही सोडलं. देव रागावला का त्याच्यावर?”

“नाही.” मग ती म्हणाली, “डॉक्टरांनी दोनच महिने सांगितले होते. मला पाच मिळाले.”

दिवस मावळायच्या आत तिने डोक्यावर पदर घेतला आणि तेलाचा दिवा लावला. ताटं मांडून झाल्यावर गीत सुरू केलं. तिने ते कधी म्हटलं नव्हतं, ते पप्पांचं काम. आवाज बारीक, हिब्रू उच्चार पार मराठी. तिसऱ्या कडव्यावर ती थांबली. मला वाटलं, चौथं राहिलं.

पण तिने उठून दार उघडलं आणि चौथं कडवं जिन्याकडे तोंड करून, न चुकता, पूर्ण म्हटलं. मग पप्पा कामाला निघाले की म्हणायची त्याच सुरात म्हणाली, “या आता तुम्ही.”