तिला सांगायचं नाही, असं ठरलं होतं

मुंबईच्या हॉस्पिटलातून परत येताना गाडीत आम्ही चौघं होतो. माझी मैत्रीण, तिचा नवरा, त्याची मोठी बहीण आणि मी. डॉक्टर काय म्हणाले ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. जिच्या पोटात तो रोग होता, तिला मात्र बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात पसरलाय, आता औषध फक्त वेदनेपुरतं, घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते.

हायवेवर मनोर गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?"

नणंद पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाली, "सूज आहे म्हणे. गोळ्यांनी उतरेल."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरला आणि गप्प बसले. तिला काही सांगायचं नाही, असं नणंदेने हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच मला बजावून ठेवलं होतं. तेव्हा जो राग आला तो आजही गेलेला नाही, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

आम्ही दोघी राखोलीच्या एका सूत कारखान्यात, तपासणी विभागात होतो. मी नाशिकची, ती धुळ्याकडची. दोघी लग्न होऊन सिल्वासात आलेल्या आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून बसून मैत्रिणी झालेल्या. ती फटकळ होती. लॉटमध्ये खोट असेल तर मॅनेजरच्या तोंडावर सांगायची, "साहेब, हा माल जाणार नाही." तो हिंदीत समजूत घालायचा, मग गुजरातीत, आणि शेवटी माल परत घ्यायचा. अशा बाईला सूज आहे म्हणून सांगायचं ठरलं होतं.

त्याआधी कितीतरी दिवस तिचं पोट दुखत होतं. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर दर वेळी पोटाला हात न लावताच ॲसिडिटीची गोळी लिहून देत. "बहेन, तिखट ओछुं खाओ," कमी खा, म्हणत. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकमर्डीला तिच्या घरी गेले. नणंद धाकट्याला अंगणवाडीतून आणायला गेली होती. मोठी मुलगी, दुसरीतली, शाळेत होती.

"आता सांग," ती म्हणाली. "तू खोटं बोललीस तर मी कुणाला विचारू?"

मी सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं, काही न गाळता.  ती म्हणाली, "आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत." ती रडली नाही. उशीजवळचा तांब्या उचलून तिने दारावर फेकला. अंगात जोर नव्हता. तांब्या निम्म्या वाटेतच पडला आणि पाणी खोलीभर झालं. मी ते पुसलं.

त्या दिवसापासून मला घरात येऊ दिलं जाईना. मी जिना चढून गेले की नणंद दार अर्धवट उघडून म्हणे, "झोपलीय ती. नंतर या." एकदा पायात चपला घालता घालता आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "जागी आहे ती."

"तुम्ही तिची उमेद मारली," नणंद म्हणाली. "आता अजून काय सांगायचं राहिलंय?"

तिचा नवरा मागे उभा होता, हातात दुधाची पिशवी. मला ताई म्हणायचा, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी आवडीने खायचा. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो दूध फ्रिजमध्ये ठेवायला आत गेला. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या त्या चांगुलपणाचा तिला काय उपयोग झाला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग ती स्वतःच उठून आली. भिंतीला धरत, गाऊनवर ओढणी टाकून. "आत ये गं," मला म्हणाली. आणि नणंदेला, "आक्का, हे माझं बी घर आहे." नणंद बाजूला झाली.

खरं ते सांगायला हवं. तिला न्हाऊ घालायची, पालथी-उताणी करायची, चादरी धुवायची ती नणंदच. स्वतःचं घर सोडून आली होती. मी दुपारच्या दोन तासांची पाहुणी. म्हणून तिच्यावर धड रागावताही यायचं नाही, आणि त्यामुळे राग जास्तच यायचा.

एका दुपारी गेले तर ती गुडघे पोटाशी घेऊन घामाघूम पडली होती. ओठ चावून चावून फुटला होता. "गोळी दिली का?" मी विचारलं. दिली, असं नणंद म्हणाली. किती, तर अर्धी. तीसुद्धा सकाळी. "ती नशेची गोळी आहे. सवय लागते."

"सवय लागून ती कुठे जाणार आहे?" मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढला की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. "तिला दुखतंय. डॉक्टरांनी लिहून दिलीय. तुम्ही कोण अर्धी करणाऱ्या?"

नवरा आतल्या खोलीतून आला. देवाच्या फळीवर नणंदेने ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट त्याने काढलं आणि बायकोला गोळी दिली. नंतर पाकीट तिच्या उशाशी ठेवलं. त्या सगळ्या दिवसांत त्याने स्वतःहून केलेली ही एकच गोष्ट मला आठवते.

दुखणं आटोक्यात आलं तशी ती म्हणाली, "पोरांना घेऊन वासोण्याला जाऊ. सिंह बघायला." घरच्यांनी नको म्हटलं. मी रिक्षा ठरवली. सफारीच्या जाळीच्या गाडीत धाकटा माझ्या मांडीवर आणि मुलगी आईला चिकटून. सिंह सावलीत झोपला होता. "सूतो छे," मुलगी भावाला म्हणाली. शाळेत ती गुजरातीच बोलायची.

बाहेर आल्यावर बाकावर बसून तिने मुलीला जवळ घेतलं. "मम्मीचं दुखणं बरं होणारं नाही, बेटा. मी मरणार आहे. तुला हे मीच सांगायचं होतं."

मुलगी फ्रॉकचा पट्टा गुंडाळत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "आत्या फोनवर बोलत होती. मग नवीन मम्मी आणायची आहे ना?"

 आईला कळू नये म्हणून सगळं घर कुजबुजत होतं, आणि ही पोर तिथेच चटईवर चित्रं रंगवत बसलेली असायची.

घरी गेल्यावर ती पलंगावर टेकलीसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, मी गेल्यावर काय करायचं ते करा. पण माझ्या पोरीच्या देखत बोलू नका. आणि मी अजून गेलेली नाही." नणंद पोळी लाटत होती. तिने लाटणं ठेवलं आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. मला तिची दया आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भरदुपारी, ती गेली. दमणगंगेकाठच्या स्मशानातून परत आलेली माणसं जिन्यात म्हणत होती, किती शांतपणे गेली, चेहऱ्यावर समाधान होतं. ती गेली तेव्हा मी तिथे होते. समाधान नव्हतं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "मला जायचं नाहीये. तू तरी म्हणू नकोस की सुटली." मी ते कुणालाही म्हटलेलं नाही, आणि जे म्हणाले त्यांना तिथल्या तिथे थांबवलं.

वर्ष सरताना नवऱ्याने वापीच्या एका विधवेशी लग्न केलं. आधी तो नाही म्हणायचा, मग नाही म्हणायचं त्याने सोडून दिलं. मी लग्नाला गेले नाही, पण पोरांना भेटायला जाते. ती बाई वाईट नाही; मुलीच्या वेण्या घट्ट घालते, धाकट्याला घास भरवते. तो तर तिला केव्हाच मम्मी म्हणायला लागला. मुलगी अजून तिला कुठल्याच नात्याने हाक मारत नाही, जवळ जाऊन "ऐका ना" म्हणते. परवा आत्या समजावायला लागली, "अगं, मम्मी म्हणावं." मी तिथेच चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "तिला जे म्हणायचं ते म्हणू द्या."