तिरकं झोपायचं असतं

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच एकटे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला माझ्याकडे आले, सहा महिन्यांनी परतायचं तिकीट काढून. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "अलीकडचं तिकीट मिळतंय का बघ. इथे झोप लागत नाही."

मी उपायांची यादी केली: कडक गादी, मऊ गादी, जमिनीवर सतरंजी. सगळ्यांवर फुली पडली; खाली उरलं फक्त 'एअरलाइनला फोन'.

ऑफिसात मेक्सिकोतल्या युकाटानची एक सहकारी आहे. तिने तिच्या आजीने विणलेली सुती हॅमॉक, म्हणजे दोन टोकांना टांगायची जाळीदार झोळी, आणून दिली. त्यांच्याकडे घर बांधतानाच भिंतीत हुक बसवतात. रात्री सगळे हॅमॉकमध्ये झोपतात. सकाळी ती गुंडाळून हुकाला अडकवली की खोली मोकळी. पाहुणा आला की त्याच्यासाठी एक जास्तीची टांगतात. युरोपातली जहाजं यायच्या आधीपासून कॅरिबियन बेटांवर लोक असेच झोपत आणि खलाशांनी ती तिथूनच उचलली, हेही तिनेच सांगितलं.

आमच्या भिंती आतून पोकळ. आतले लाकडी खांब शोधून मी हुक मारले.

"मी तान्हं बाळ आहे का, झोळीत घालायला?" बाबा म्हणाले.

"बाळ कुरकुर करून का होईना, झोपतं."

ते लांबीत आडवे झाले, केळ्यासारखे वाकले आणि लगेच उतरले. "पाठ गेली. तिकिटाचं बघितलंस?"

मी सहकारिणीला फोन केला. ती म्हणाली, लांबीत नाही, तिरकं झोपायचं असतं. मग वीण पसरते आणि पाठ सपाट राहते.

"आता झोपायचीही शिकवणी," म्हणत बाबा तिरके झाले. मी भांडी लावायला गेले. परत आले तेव्हा चष्मा पोटावर होता आणि घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी तिकिटाचा विषय काढला नाही. संध्याकाळी चहा पिताना त्यांनीच काढला.

"परत जाताना ही बॅगेत भरू. पुण्याला आईच्या झोपाळ्याच्या कड्या छताला तशाच आहेत."

"तिच्या आजीची आहे ती. विचारावं लागेल."

"मग विचार."

"आणि परत जाताना म्हणजे कधी?"

"तिकिटावर आहे तेव्हा."

मी यादीतलं 'एअरलाइनला फोन' खोडलं आणि सहकारिणीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं: आजी नवीन विणेल, बाबांची उंची कळव.