हनुवटीतला तुकडा

माझी हनुवटी जन्मापासून आत गेलेली. देवळीला आमच्या घरी मला पाहायला येणारे पाहुणे चहा-पोहे घेऊन जात आणि मग निरोपच येत नसे. असं पाच वेळा झाल्यावर नागपूरला नोकरीला असलेला माझा थोरला भाऊ मला तिथल्या एका सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी हनुवटीखाली चीर देऊन आत रबरासारखा एक तुकडा बसवला. मला कुणी विचारलं नाही, मीही नको म्हटलं नाही. चार महिन्यांत वर्ध्याचं स्थळ जमलं. मुलगा एसटी डेपोत कारकून. निघताना आई म्हणाली, "सासरी यातलं एक अक्षर काढजो नको."

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. वर्ध्याला मी पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. ऑपरेशनपासून खालचा ओठ बधिर झाला होता. प, फ, ब, भ शिकवताना ओठ मिटले की नाही ते मला कळत नसे. जेवताना वरण ओघळे आणि सासूबाई म्हणत, "तोंड पूस." मग मी प्रत्येक घासाला पदर तोंडाशी नेऊ लागले.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि एका सकाळी तोंड धुताना तो तुकडा अंगठ्याखाली डावीकडे सरकला. मी तो परत मध्ये ढकलला. त्या दिवसापासून हात सारखा हनुवटीकडेच. फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना, मध्येच चाचपून बघायचं. हसणं तर मी सोडूनच दिलं. पुढे वरची कातडी लाल झाली, गरम लागू लागली. आत काय चाललंय या विचाराने घास उतरेना.

माहेरी जाते असं सांगून मी एकटीच नागपूरला गेले. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. "काढावा लागेल. जखम भरली की हवा तर नवा बसवू," ते म्हणाले. "पण येताना नवऱ्याला आणा. सही लागेल."

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड होईना. घरी पोचले तेव्हा हे अंगणात सायकल पुसत होते. जुळवलेलं सगळं विसरून मी एका दमात सांगून टाकलं. आज कुठे गेले होते तेही.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "म्हणजे मी पसंत केलं ते तोंड तुयं नव्हतंच?"

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ड्युटीवर जात, येत, जेवत. आता मला देवळीला पोचवून देतील असं धरून मी दोन लुगडी वेगळी काढून ठेवली. पाचव्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "दुखते का?"

"सरकते," मी म्हटलं आणि त्यांचं बोट हनुवटीवर ठेवलं. तुकडा हलला तसा त्यांनी हात झटकन मागे घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो."

"नवा बसवायचा का? तुम्ही सांगा."

"मले काऊन विचारून राह्यली? तोंड तुयं हाय."

निरोप मिळाल्यावर आई मात्र थेट नागपूरलाच आली. दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून रडत होती. "नवा बसवून घे, बाई. जुनं तोंड घेऊन त्या घरात कशी जाशील?" तिचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. डॉक्टरांनी शेवटचं विचारलं. मी म्हटलं, "फक्त काढा. नंतरही नवा नको."

टाके निघाले तेव्हा आरशात दिसली ती माझी पहिली हनुवटी नव्हती आणि बसवलेलीही नव्हती. ताणलेल्या कातडीची एक घडी खाली लोंबत होती. घरी सासूबाईंनी दारातच मला निरखून पाहिलं आणि ताट वाढलं. जेवण झाल्यावर विचारलं, "आणखी काई लपवलं हाय का?"

"नाई," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

ह्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण मी देवळीला निघाले की परतीची गाडी कोणती ते विचारून घेत आणि त्या वेळेला स्टँडवर उभे असत. काळजीने की संशयाने, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.

वर्षभरात ओठाला हळूहळू जाग आली. डावा कोपरा तेवढा बधिरच राहिला. चहा किती गरम आहे ते मी आजही उजव्या बाजूने बघते.