रामीच्या भाकरीतली गोळी

चंद्रकलाचं डोकं फिरलं होतं, हे पोशेऱ्यात सगळ्यांच्या लक्षात. ती बरी झाली, हे मात्र कुणी ध्यानात ठेवलं नाही. माणसांचं असंच असतं बघा! भलतेसलते आवाज यायचे तिला. भगत झाला, उतारे झाले, नवरा मुलाला घेऊन निघून गेला. शेवटी मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी आवाज थांबले आणि घरात बोलणारं कुणीच उरलं नाही.

आता ती दवाखान्याच्या आशाताईंना मदत म्हणून, आपखुशीनं, पाड्यांवर अशाच आजारी माणसांकडे जाते. लोक चहा देतात, बसवून घेत नाहीत.

यंदा तिनं रामीचं मनावर घेतलं. पोर बाविशीची, आजार तोच. दिवाळीनंतर घरचे तिला घेऊन वीटभट्टीवर जाणार. त्याआधी रामीनं आपल्या हातानं गोळी घ्यायला हवी, नाहीतर तिकडे पुन्हा पहिले दिवस. आणि रामीच्या सासूबाईंची अक्कल काय, तर नागलीच्या भाकरीत गोळी कुस्करून घालायच्या, गुपचूप! चंद्रकलाच्या अंगावर काटाच आला. तिच्या भावजयीनंही हेच केलं होतं. आवाज सांगायचे, जेवणात विष आहे; त्यात भाकरी कडू लागली. मग चंद्रकला कुणाच्याच हातचं खाईना.

तिनं रामीला सरळ सांगून टाकलं, "भाकरीत गोळी हाय. विष नाय. मी पन तीच खाते."

रामीनं ताट लोटलं. सासूनं चंद्रकलाला बाहेर काढलं, "येडी ती येडीच!" लागलंच तिला ते, का नाही लागणार? तरी रोज सकाळी गोळ्यांचं पाकीट घेऊन ती अंगणात जाऊन बसायची. रामी भाकरीला शिवत नव्हती, आणि चूक आपलीच, या विचारानं चंद्रकलालाही घास जाईना.

पाचव्या दिवशी रामी बाहेर आली, हात पुढे केला. "दे." आणि गोळी गिळली. मग रोजच.

निघायच्या सकाळी टेम्पोत बोचकी चढली. रामीनं आपली आपण गोळी घेतली, पाकीट कमरेला खोचलं.

"बाय, तू घेतेस तवा कोन असते जवळ?"

"कोनी नाय."

"मंग चल ना आमच्यासंगं."

चंद्रकला हसली. "मी गेले तर इथल्या आजाऱ्यांना कोन बघील?"

टेम्पो गेला. तिचे सगळे आजारी त्याच आठवड्यात भट्ट्यांवर गेले होते, रामी शेवटची.