गोटीरामबाबा झाकणावर बसले

तळवलीच्या गोटीरामबाबा पाटलांच्या पोटात कौतुक टिकत नाही. नातवाला पहिला दात आला तेव्हा त्यांनी चालत्या रिक्षा थांबवून लोकांना सांगितलं होतं. थोरल्या सुनेनं, वैशालीनं, धाकट्या दिराच्या हळदीसाठी बियरचं यंत्र बनवायला घेतल्यावर ते गप्प बसतील, ही अपेक्षाच चुकीची होती.

वैशाली जासईची. तिकडच्या यार्डात मासळी आणि फळं नेणारे थंड कंटेनर दुरुस्त करते. हातात पाना घेणारी सून आपल्या घरात कशी शोभायची, म्हणून लग्न ठरताना याच गोटीरामबाबांनी नाक मुरडलं होतं. आता त्याची कुणी आठवण काढली की त्यांना ऐकू कमी येतं.

आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा मामला. मटण कमी पडता कामा नये आणि बियर गार हवी. आजवर गावात ती एकाच पद्धतीनं गार व्हायची. प्लॅस्टिकच्या ड्रमात बर्फाची लादी फोडून टाकायची, आणि थोड्या वेळानं गढूळ पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बाटल्या चाचपायच्या. वैशालीला हे बघवत नसे. एपीएमसी मार्केटातल्या एका मटारवाल्यानं टाकायला काढलेला आडवा फ्रीजर तिनं टेम्पोत घालून घरी आणला.

नवरा, दिपेश, उत्साहानं ड्रिल घेऊन फ्रीजरच्या अंगाला भोक पाडायला निघाला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला. त्या पत्र्याआडून गॅसच्या नळ्या फिरतात, एक जरी फुटली की फ्रीजर गोधड्या ठेवायच्या लायकीचा. तिनं झाकण काढलं, पेटी आणि झाकण यांच्यामध्ये सागाच्या फळ्यांची वीतभर उंच चौकट बसवली आणि दोन नळ त्या चौकटीत घातले. फ्रीजरचं काम बर्फ करायचं, पण बियरचा बर्फ होऊन चालत नाही. म्हणून तिनं वेगळा थर्मोस्टॅट जोडला, हवा तेवढा गारवा आला की मोटर आपोआप बंद करणारा. आत परवान्यावर मागवलेल्या बियरची स्टीलची पिंपं राहायची, शेजारी बियर नळापर्यंत ढकलणाऱ्या गॅसची टाकी. नळ ओढला की बियर ग्लासात.

गोटीरामबाबांनी गावात जाहीर करून टाकलं, आपल्या मांडवात बर्फाची लादी शिरली तर मिशी उतरवीन.

आदल्या दिवशी पिंपं आत गेली आणि बाबांची व्याख्यानं सुरू झाली. मांडववाला आला, झाकण वर. लायटिंगवाला आला, झाकण वर. झाकण एका हातानं पेलून बाबा चौकट, नळ, थर्मोस्टॅट सगळं पहिल्यापासून समजावून सांगत आणि ऐकणाऱ्याला पिंपाला हात लावायला लावत. स्वतःला साखरेमुळे डॉक्टरांनी थेंबाची बंदी केली होती, तरी आनंद मात्र पुरेपूर. हळदीच्या दिवशी सकाळपासून पाहुण्यांची रीघ लागली. बाबांचा घसा बसला, पण झाकण काही बसलं नाही.

दुपारी वैशालीनं नळ ओढून पाहिला. ग्लासात नुसता फेस आला. दुसरा भरला, तोही फेसच. तिनं गॅसचा दाब तपासला, नळ्या चाचपल्या, थर्मामीटर पाहिला. बियर कोमट होती आणि मोटर धापा टाकत होती. तिनं पाना खाली ठेवला.

"बाबा, बर्फ मागवा. माजंच काहीतरी चुकलंय."

काय झालं ते बाबांना लख्ख कळलं होतं. गप्प राहिले असते तर बर्फ आला असता, हळद पार पडली असती, आणि बायकांनी पाना धरला की असंच व्हायचं, असं गाव कायमचं म्हणत राहिलं असतं. मिशीचं दुःख त्यांना नव्हतं. या पोरीनं स्वतःच्या हातावर संशय घ्यावा, हे त्यांना सोसवेना. मांडवभर माणसं असताना ते मोठ्यानं बोलले.

"तुजा काय चुकला नाय, पोरी. मीच दोन दिवस झाकन उघरून बसलू. सगल्यांना दाखवाला."

वैशाली त्यांच्याकडे बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. संध्याकाळपर्यंत कुणी हात लावला नाही तर जमेल, म्हणाली.

गोटीरामबाबा उठले आणि झाकणावर मांडी घालून बसले.

पाहुणे आले, बघायला मागू लागले. बाबा नाही म्हणायचे आणि का नाही तेही सांगायचे, स्वतःची चूक तिखटमीठ लावून. मग जासईहून वैशालीचे वडील आले. लेकीनं केलेलं काम बघू द्या की व्याही, म्हणून त्यांनी हात जोडले. बाबांचा हात झाकणाच्या कडेशी गेला. ज्याला दाखवण्यासाठी जीव टाकावा असा माणूस समोर उभा होता. पण बाबांनी हात मांडीखाली दाबून धरला आणि व्याह्यांना शेजारी झाकणावर बसवून घेतलं.

हळद लावायला सगळे बोलावत राहिले, बाबा हलले नाहीत. शेवटी लग्नाची गाणी, धवले, गाणारी चांगुणाबाई हळदीची वाटी घेऊन तिथंच आली आणि गात गात तिनं दोन्ही व्याह्यांना पिवळं केलं. मग वैशालीनं नळ ओढला. ग्लास सोनेरी भरला, वर दोन बोटं फेस. देवाच्या नावानं थोडी जमिनीवर सांडून तिनं तो वडिलांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"गारव्यानं दात कळले गो," ते म्हणाले.

गोटीरामबाबांची छाती अशी फुगली की चांगुणाबाई गाता गाता हसली. रात्रभर नळ वाहता राहिला. बर्फाची लादी आली नाही आणि मिशी जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघायच्या आधी वैशालीनं रिकाम्या पिंपांवरचं झाकण पुरतं वर केलं आणि सासऱ्यांना हाक मारली. या बाबा, आता बघा हवं तितकं, म्हणाली.

बाबा हळदीनं पिवळी झालेली मिशी कुरवाळत आले आणि लांबूनच म्हणाले, "झाक गो पोरी. गारवा जाल."